‘अ शॉट इन द डार्क’ पुन्हा पुन्हा पाहावासा का वाटतो?

प्रश्न

ब्लेक एडवर्ड्सच्या ‘अ शॉट इन द डार्क’ला (1964) साठ वर्षं होऊन गेली. पीटर सेलर्सचा इन्स्पेक्टर क्लूझो कुठे धडकणार, काय मोडणार हे पाठ झालेलं असतं, तरी हसू येतंच. धडपडीचे इतर कितीतरी विनोदी चित्रपट मात्र दुसऱ्या खेपेलाच शिळे वाटतात. फरक नेमका कुठे आहे, अभिनयात, पटकथेत की कॅमेऱ्यात? आणि क्लूझो अजिबात न पाहिलेल्या माणसाला ही ‘पिंक पँथर’ चित्रपटमालिका कोणत्या क्रमाने दाखवावी?

प्रतिसाद 1

माझं उत्तर आधी कॅमेरा, मग सेलर्स.

बिलियर्ड्सचा प्रसंग बघा. क्लूझो चौकशी करतोय, समोर जॉर्ज सँडर्सचा धनाढ्य बॅलाँ. क्लूझोच्या हाती वाकडी क्यू लागते, काठ्यांच्या स्टँडशी झटापट होते, टेबलावरचं कापड फाटतं आणि निघताना तो दार समजून थेट भिंतीत शिरतो. एवढं सगळं होत असताना चौकशी थांबत नाही. तोंड खुनाबद्दल बोलतंय आणि हात भलत्याच अडचणीत आहेत, अशा दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. म्हणून दुसऱ्यांदा पाहताना आपण हातांकडे पाहतो आणि तिसऱ्यांदा सँडर्सच्या चेहऱ्याकडे. तो हसत नाही, ओरडत नाही, नुसता यजमानाच्या सभ्यतेनं सहन करतो. समोरचा माणूस असा स्थिर नसता तर सेलर्सची अर्धी मेहनत फुकट गेली असती.

हे जमण्यासाठी फ्रेम रुंद लागते. चित्रपट पॅनाव्हिजन या रुंद पडद्याच्या पद्धतीत, रुंदी-उंचीच्या 2.35:1 या प्रमाणात चित्रित झालाय. वस्तू, माणूस आणि पाहणारा हे तिघे एकाच चौकटीत मावतात. अशा विनोदाच्या नकला फसतात त्या इथेच: धडकेच्या क्षणी कट, मग वस्तूचा क्लोजअप, मग दचकलेल्याचा क्लोजअप. असं तुकड्यातुकड्यानं दाखवलं की पडणं खरं वाटत नाही आणि कुठे पाहायचं हे संकलकच ठरवून टाकतो. पुन्हा पाहताना शोधायला काही उरत नाही.

प्रतिसाद 2

कॅमेऱ्याचं पटलं, पण पटकथेला एवढं मागे ठेवू नका. मूळ नाटक मार्सेल आशारचं. त्याच्या हॅरी कर्निट्झने केलेल्या इंग्रजी रूपांतरावर हा चित्रपट आधारलेला आहे, आणि त्या नाटकात क्लूझो नव्हताच. पटकथा लिहिताना एडवर्ड्स आणि विल्यम पीटर ब्लॅटी यांनी तो आत आणला. म्हणजे खून, संशयित, बंद खोल्या, लपवाछपवी हा फार्सचा सांगाडा आधीपासून मजबूत होता. त्यात असा पोलीस सोडला की सगळे पुरावे बॅलाँच्या घरची मोलकरीण मारिया गँब्रेली हिच्याकडे बोट दाखवत असताना तो छातीठोकपणे तिला निर्दोष म्हणतो. कथा त्याच्या या हट्टावर पुढे सरकते. विनोदासाठी कथा थांबवावी लागत नाही.

आवर्तनंही नेटकी आहेत. क्लूझो वेषांतर करून पाळत ठेवतो: कधी फुगेवाला, कधी चित्रकार, कधी शिकारी. प्रत्येक वेळी परवाना नाही म्हणून उचलला जातो आणि पोलिसांची गाडी सायरन वाजवत पॅरिसमधून धावते. पहिल्यांदा कारण कळावं लागतं. नंतर नुसती गाडी दिसली की पुरतं. वेष दर वेळी बदलतो, शेवट तोच राहतो. या दोन्हींची अदलाबदल केली तर विनोद मरतो.

क्लूझोचा वरिष्ठ, हर्बर्ट लोमचा ड्रेफस, आणि क्लूझोच्याच हुकुमावरून त्याच्यावर अचानक हल्ले करणारा नोकर, बर्ट क्वोकचा केटो, याच चित्रपटात पहिल्यांदा येतात. केटोचा हल्ला बघा: घरात मारामारी ऐन रंगात, तेवढ्यात फोन वाजतो आणि केटो क्षणात अदबशीर नोकर होऊन फोन घेतो. त्या थांबण्यामुळेच पुढची झटापट दुप्पट हसवते. आणि ड्रेफस हवाच, कारण क्लूझोला स्वतःच्या मूर्खपणाची झळ लागतच नाही. ती कुणालातरी लागायला हवी. सिगार कापायच्या यंत्रात ड्रेफसचा अंगठा जातो तो क्लूझोच्याच कृपेने, तोही क्लूझो खोलीत नसताना.

प्रतिसाद 3

क्रमाबद्दल. सुरुवात ‘द पिंक पँथर’ने (1963) करू नये, असं माझं ठाम मत आहे. तो डेव्हिड निव्हनच्या उच्चभ्रू चोराचा चित्रपट आहे, क्लूझो त्यात दुय्यम. ती भूमिका आधी पीटर उस्तिनोव्ह करणार होता. शिवाय क्लूझोचे उच्चार तिथे पुष्कळ सौम्य आहेत. म्हणून 1964, मग 1963, मग 1975चा ‘द रिटर्न ऑफ द पिंक पँथर’ आणि 1976चा ‘द पिंक पँथर स्ट्राइक्स अगेन’ असा क्रम घ्या. 1978चा ‘रिव्हेंज ऑफ द पिंक पँथर’ त्यानंतर. 1968च्या ‘इन्स्पेक्टर क्लूझो’त सेलर्स नाही, अ‍ॅलन आर्किन आहे. 1982चा ‘ट्रेल ऑफ द पिंक पँथर’ तर सेलर्सच्या मृत्यूनंतर उरलेल्या चित्रीकरणातून जुळवलेला, तो शेवटी किंवा नाहीच.

प्रत निवडताना मात्र जपून. जुन्या टीव्हीसाठी 4:3मध्ये कापलेल्या प्रतीत चित्राची सुमारे 43 टक्के रुंदी जाते. म्हणजे क्लूझो दिसतो, त्याच्याकडे पाहणारा दिसत नाही. आजच्या 16:9 टीव्हीवर काळ्या पट्ट्या घालवायला झूम केलं तरी जवळपास 24 टक्के जातेच. पट्ट्या राहू द्या. युरोपीय डीव्हीडी सेकंदाला मूळच्या 24ऐवजी 25 फ्रेमच्या गतीनं चालतात, त्यामुळे 102 मिनिटांचा चित्रपट 98 मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढतो. टायमिंगवर उभ्या असलेल्या चित्रपटात 4 टक्के घाई कमी नसते. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद ठेवा.

प्रश्नकर्ता

क्रम पटला. उपशीर्षकं लावावीत का? काही संवाद कळत नाहीत.

प्रतिसाद 3

इंग्रजी ऐकून कळत असेल तर पहिल्या खेपेला नकोत. क्लूझो ‘फिट ऑफ जेलस रेज’ म्हणायला जातो आणि तोंडातून ‘रिट ऑफ फेलस जेज’ निघतं. अशा वेळी अक्षरं आवाजाच्या आधी वाचली जातात आणि मजा निघून जाते. डब केलेली प्रत तर टाळाच. बहुतेक पात्रं फ्रेंच, सगळी इंग्रजीत बोलतात आणि तरी एकट्या क्लूझोचे उच्चार विचित्र, ही गंमत दुसऱ्याच्या आवाजात टिकत नाही. सुरुवातीच्या काही मिनिटांना मात्र भाषेची गरजच नाही. रात्रीची हवेली, खिडक्यांमागे या खोलीतून त्या खोलीत चोरपावलांनी फिरणारी माणसं आणि वर हेन्री मॅन्सिनीचं गाणं. तो भाग पुढे ढकलू नका, कोण कुठल्या दारातून गेलं ते मोजत बसा.