विंडोज 95 सुरू होतानाची धून अडखळत वाजते – मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

जुने संगणक हाताळलेल्या जाणकारांकडून मला एका बाबतीत मार्गदर्शन हवे आहे. माझ्या काकांचे म्हापशाला अक्षरजुळणीचे छोटे दुकान होते. दुकानासाठी त्यांनी 1997 साली घेतलेला संगणक आता माशेलला आमच्या घरी आहे. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हस्तपत्रके, चतुर्थीच्या आरत्यांच्या पुस्तिका असे सात-आठ वर्षांचे काम त्याच्या हार्ड डिस्कवर अजून शाबूत आहे. ते सगळे युनिकोड येण्यापूर्वीच्या फॉन्टांत असल्यामुळे आजच्या संगणकावर उघडले की नुसती चिन्हांची खिचडी दिसते, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते नीट उघडते त्याला प्रिंटरच्या पोर्टवर लावायचा डोंगल (सॉफ्टवेअरचा परवाना पटवणारी छोटी किल्ली) लागतो. त्यामुळे हेच यंत्र चालते ठेवणे भाग आहे. ‘फॉर्मॅट मारून नव्याने विंडोज टाका’ हा सल्ला एका दुरुस्तीवाल्याने दिलेला आहे. कृपया तो पुन्हा देऊ नये, ही विनंती.

यंत्राचा तपशील असा: पेंटियम 133 प्रोसेसर, 16 एमबी रॅम, 1.2 जीबीची आयडीई (डिस्क जोडण्याची तेव्हाची पद्धत) हार्ड डिस्क, आयएसए स्लॉटमध्ये बसवलेले साउंड ब्लास्टर 16 कार्ड, दुसऱ्या आयडीई केबलवर सीडी ड्राइव्ह, आणि विंडोज 95 ची ‘950 बी’ ही आवृत्ती.

आता तक्रार. विंडोज 95 सुरू होताना जी धून वाजते, ती ब्रायन ईनो यांनी केलेली, जेमतेम सहा सेकंदांची आहे. आमच्याकडे ती सुरू व्यवस्थित होते, पण दुसऱ्या सेकंदाच्या आसपास एक बारीकसा तुकडा पकडून बसते आणि तोच तुकडा ‘टिंग-टिंग-टिंग-टिंग’ असा पाच-सहा वेळा वाजतो. तेवढ्या वेळात पडद्यावरचा माउसचा बाण जागच्या जागी थिजतो, डबड्यावरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा न लुकलुकता सलग पेटून राहतो, आणि डेस्कटॉपवरची अर्धी चित्रे उमटलेली, अर्धी कोरी अशी दिसतात. मग एकदम गाडी पुढे सरकते, आणि धून संपता संपता पुन्हा तसेच होते. सहा सेकंदांना दहा सेकंद लागतात. काका म्हणतात, यंत्राला उचकी लागली आहे, म्हापशाचे कोणी गिऱ्हाईक आठवण काढत असेल.

हे मागच्या दिवाळीपर्यंत नव्हते. पावसाळ्याचे चार महिने आम्ही यंत्र प्लॅस्टिकने झाकून ठेवले होते. दिवाळीनंतर सुरू केले तेव्हा ‘सीमॉस चेकसम एरर’ असा संदेश आला आणि घड्याळ मागच्या शतकात जाऊन पोहोचले होते. मदरबोर्डावरची सीआर2032 बॅटरी संपली असणार हे ओळखून मी ती बदलली, बायोसमध्ये (मदरबोर्डावरच्या मूळ प्रोग्राममध्ये) जाऊन हार्ड डिस्क पुन्हा ओळखून घेतली आणि तारीख-वेळ लावली. डबडे उघडलेच आहे तर सफाईही करून घ्यावी म्हणून केबली काढल्या, कार्डे उपसली. आमच्याकडच्या दमट हवेने स्लॉटच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट कीट चढली होती. कार्डाच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, स्लॉट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले.

सगळे जोडून पहिल्यांदा सुरू केले तेव्हा यंत्र विंडोज सुरू होतानाच्या ढगांच्या चित्रावरच अडकून पडले. पाहिले तर सीडी ड्राइव्हची केबल एका बाजूने अर्धवट बसली होती. ती नीट दाबून रीसेट केले आणि विंडोज सुरू झाले. त्याच दिवशी ही अडखळ पहिल्यांदा ऐकली. (त्या दिवसापासून ‘माय कॉम्प्युटर’मध्ये सीडी ड्राइव्हही दिसेनाशी झाली आहे. तिला वीज मिळते, तबक बाहेर येते, पण विंडोजला ती दिसत नाही. तो वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी नंतर स्वतंत्र विचारीन.)

मी आतापर्यंत काय करून पाहिले तेही लिहितो, म्हणजे कोणाचा वेळ जाणार नाही. स्पीकर बदलले, फरक नाही. डोंगल काढून सुरू केले, फरक नाही. साउंड कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये हलवले, फरक नाही. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये कार्डाला आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची वाट) 5, डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता रॅमशी देवघेव करायची वाट) 1 आणि 5, पोर्ट 220 मिळालेले आहेत, प्रिंटरचा पोर्ट आयआरक्यू 7 वर आहे, म्हणजे त्या दोघांत भांडण नाही. स्कॅनडिस्कची सविस्तर तपासणी एक अख्खी दुपार चालली आणि एकही खराब सेक्टर निघाला नाही.

एक गोष्ट मात्र मला चमत्कारिक वाटली. विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर मीडिया फोल्डरमधली तीच फाइल हाताने वाजवली, तर पहिल्या वेळी ती किंचित अडखळते आणि लगेच दुसऱ्यांदा वाजवली तर अगदी स्वच्छ वाजते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की पहिले पाढे पंचावन्न. साउंड कार्ड बिघडलेले असते तर ते दुसऱ्या वेळी कसे सुधारले असते? जुने साउंड ब्लास्टर मिळवण्यासाठी खटपट करण्यापूर्वी, मी चुकीच्या दिशेने चाललो आहे का, एवढे तरी कळावे.

प्रतिसाद (मडगावहून)

नमस्कार. आपण निरीक्षणे इतकी नीट मांडली आहेत की उत्तर बरेचसे त्यांतच आहे. फक्त, ज्या गोष्टीला आपण कंसात घालून ‘वेगळा प्रश्न’ म्हटले आहे, तो माझ्या मते वेगळा प्रश्न नाही.

आधी अडखळीचा प्रकार पाहू. आवाज चरचरला किंवा घोगरा झाला असता, तर मी कार्डाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूकडे, म्हणजे कपॅसिटर, जॅक, स्पीकर यांच्याकडे पाहिले असते. आपल्याकडे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. साउंड ब्लास्टर 16 आवाज थेट हार्ड डिस्कवरून घेत नाही. रॅममध्ये एक छोटी जागा राखलेली असते. प्रोसेसर तिच्यात आवाजाचा पुढचा हप्ता भरत राहतो आणि डीएमए ती जागा रहाटाच्या माळेसारखी गोल फिरून कार्डाकडे रिकामी करत राहतो. प्रोसेसर वेळेवर भरायला आला नाही, तरी रहाट थांबत नाही. मागच्याच फेरीचे पाणी तो पुन्हा ओततो. तेच आपले ‘टिंग-टिंग-टिंग’. तेव्हा कार्ड आपले काम चोख करते आहे, अडकला आहे तो प्रोसेसर. बाण थिजतो तोही त्यामुळेच, आणि तो कशात अडकला आहे ते लाल दिवा सांगतो.

डिस्क हळू आहे म्हणून असे होते, असे मात्र समजू नका. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजालाही सेकंदाला 1,76,400 बाइट्स पुरतात, आणि तेवढे त्या काळची कोणतीही धडकी डिस्क सहज देते. प्रश्न वेगाचा नसून, डिस्क वाचली जात असताना प्रोसेसरला दुसरे काही करू दिले जाते की नाही, याचा आहे. विंडोज 95 आपल्या 32-बिट ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) डिस्क वाचते तेव्हा मधल्या वेळात बाकीची कामे चालू राहतात. तो ड्रायव्हर चालला नाही, तर विंडोज डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, जुन्या मार्गाने, बायोसमार्फत डिस्क वाचते, आणि ते वाचन पुरे होईपर्यंत बाकी सगळे खोळंबते. सुरू होताना एकाच वेळी डेस्कटॉपची चित्रे, स्टार्टअपमधले प्रोग्राम आणि ही धून असे सगळेच डिस्कवर तुटून पडतात, म्हणून तिथे अडखळ सर्वांत जास्त. दुसऱ्यांदा वाजवल्यावर फाइल रॅममधल्या कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) येते, डिस्कला हातच लागत नाही, म्हणून ती स्वच्छ वाजते.

आता सीडी ड्राइव्ह. डॉसचा मार्ग बायोसमुळे हार्ड डिस्कला मिळतो, पण सीडी ड्राइव्हला डॉसचा स्वतंत्र ड्रायव्हर लोड केल्याशिवाय तो मिळत नाही. 32-बिट आयडीई ड्रायव्हर बंद पडला, की हार्ड डिस्क लंगडत का होईना चालते आणि सीडी ड्राइव्ह नाहीशी होते. दोन्ही एकाच दिवशी झाले, हे आपणच लिहिले आहे.

कृपया एवढे पाहून सांगा: ‘माय कॉम्प्युटर’वर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, त्यातला ‘परफॉर्मन्स’ हा भाग. तिथे काय लिहिले आहे? आणि ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये हार्ड डिस्क कंट्रोलरच्या दोन्ही नोंदींवर पिवळी उद्गारचिन्हे आहेत का? आपण साउंड कार्डाची नोंद पाहिली, ही नोंद पाहिलीत की नाही ते लिहिलेले नाही.

धागाकर्ता

आपले शतशः आभार. परफॉर्मन्समध्ये ‘फाइल सिस्टिम’समोर आणि ‘व्हर्च्युअल मेमरी’समोर, दोन्हीकडे ‘एमएस-डॉस कम्पॅटिबिलिटी मोड’ असे लिहिलेले आहे. दोन्ही आयडीई नोंदींवर पिवळी उद्गारचिन्हेही आहेत. इतके दिवस मी त्याच खिडकीत दोन ओळी खालची साउंड कार्डाची नोंद वाचत होतो, याची लाज वाटते.

पण केबल त्याच दिवशी नीट बसवली, बॅटरी नवी आहे, बायोसमध्ये दोन्ही आयडीई चालू आहेत. मग ड्रायव्हर अजून का चालू होत नाही?

प्रतिसाद (मडगावहून)

कारण विंडोज 95 एकदा दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पीत नाही. ते ताकाला हातच लावत नाही. आयडीईचा 32-बिट ड्रायव्हर सुरू होताना नीट उभा राहिला नाही, तर विंडोज रजिस्ट्रीत (आपल्या सेटिंगांच्या नोंदवहीत) ‘नोआयडीई’ नावाची एक खूण करून ठेवते आणि ती खूण असेपर्यंत पुढच्या कोणत्याही वेळी तो ड्रायव्हर सुरू करण्याचा प्रयत्नच करत नाही. अर्धवट केबलीमुळे ढगांवर अडकलेली ती पहिली खेप आठवा. केबल आपण दाबलीत, पण खूण तशीच राहिली.

ती पुसण्यापूर्वी एक काम अवश्य करा, आणि ते टाळणार असाल तर पुढचे वाचूच नका. हार्ड डिस्क काढून आयडीई ते यूएसबी अडॅप्टरने आजच्या लॅपटॉपला जोडा आणि सगळ्या फाइली उतरवून घ्या. डिस्क फॅट16 असो वा फॅट32, लॅपटॉप ती वाचेल. पंचवीस वर्षांहून जुन्या डिस्कचा भरवसा स्कॅनडिस्कच्या एका दुपारीवर ठेवू नये. विंडोज फोल्डरमधल्या ‘सिस्टम डॅट’ आणि ‘युजर डॅट’ या दोन फाइली म्हणजेच रजिस्ट्री. त्या लपवलेल्या असतात, त्यांची प्रत वेगळी ठेवा.

मग ‘रन’मध्ये रेजएडिट (रजिस्ट्री पाहण्या-बदलण्याचा प्रोग्राम) चालवा. ‘एचकी लोकल मशीन’खाली सिस्टम, त्यात करंटकंट्रोलसेट, त्यात सर्व्हिसेस, त्यात व्हीएक्सडी आणि शेवटी आयओएस. उजवीकडे ‘नोआयडीई’ दिसेल. तेवढेच काढा, त्या घरातले दुसरे काही नको. यंत्र बंद करून सुरू करा. खूण परत उमटली तर ड्रायव्हर अजून अडतो आहे असे समजावे; मग सीडी ड्राइव्हची केबल पूर्ण काढून एकदा पाहा, आणि दोन्ही ड्राइव्हवरचे मास्टर-स्लेव्हचे (पहिली ड्राइव्ह कोणती, दुसरी कोणती ते ठरवणारे) जंपर तपासा.

डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डीएमए’चा एक चौकोन दिसेल. त्यावर खूण करण्याचा मोह होईल, करू नका. जुन्या डिस्कला तो झेपला नाही तर यंत्र सुरू होतानाच अडकेल, आणि आपल्या धुनीला त्याची गरजही नाही.

धागाकर्ता

काम झाले. अडॅप्टर पणजीहून आणायला दोन दिवस गेले, म्हणून उशीर. काकांच्या सगळ्या फाइली आणि रजिस्ट्रीच्या दोन्ही फाइली आधी लॅपटॉपवर उतरवल्या. ‘नोआयडीई’ आपण सांगितल्या जागीच होते. ते काढून यंत्र सुरू केले, तर विंडोजने ‘नवे हार्डवेअर सापडले’ म्हणत दोन्ही आयडीई पुन्हा ओळखून घेतले, एकदा आपणहून पुन्हा सुरू व्हायला सांगितले, आणि उद्गारचिन्हे गेली. परफॉर्मन्समध्ये आता डॉसचे नाव नाही. त्यानंतर चार वेळा बंद-सुरू केले. खूण परत उमटलेली नाही. डीएमएच्या चौकोनाला हात लावलेला नाही.

सीडी ड्राइव्ह ‘डी’ म्हणून परत आली आहे, तेव्हा तो दुसरा प्रश्न विचारायचे कारण उरले नाही. धून आता सलग वाजते आणि ती वाजताना बाणही हलतो. काकांनी मनगटी घड्याळ लावून मोजले. त्यांच्या मते बरोबर सहा सेकंद, माझ्या मते किंचित जास्त.