कूलरचा स्मार्ट प्लग पहाटे साडेतीनला सुरू होऊन राहिला, कंपनी गायब, काय करू?

मानेवाडा_रिंगरोड
३ वर्षांआधी १६ अँपिअरचे दोन वायफायवाले स्मार्ट प्लग घेतले होते, एक आईबाबांच्या खोलीतल्या कूलरला लावला, दुसरा गिझरला. टायमिंग एकदाच सेट केलं होतं, रात्री १० ला कूलर सुरू, सकाळी ६ ला बंद, आणि दोन उन्हाळे खरंच एकदम मस्त चालला म्हणजे मी चार लोकांना घ्यायला पण लावला (ते आता मला शोधून राहिले).
मागच्या आठवड्यात वादळ आलं, रात्रभर लाईट नव्हती, तेव्हापासून हा प्लग वेडा झाला. रात्री कूलर सुरूच होत नाही, बाबा गरमीत झोपतात, मग पहाटे साडेतीनला धडधड करत आपोआप सुरू होतो आणि दचकून सगळं घर उठतं. बंद होतो दुपारी साडेअकराला, तोवर टाकी कोरडी आणि पंप नुसता घरघरतो. ॲपमध्ये बदलायला गेलो तर लॉगिनच होत नाही, नुसतं गोल गोल फिरून राहिलं, प्ले स्टोअरवरून ॲप पण गायब. मेल परत आला, फोन लागत नाही. नवतपा तोंडावर आहे, काय करू सांगा.

संत्राबर्फी
काहून इतकं डोकं लावता भाऊ, कूलरला बटन असते, ते दाबाचं 😄 नाहीतर मेकॅनिकल टायमर घ्या, दात खाली-वर कराचे तसा, त्याले ना ॲप लागते ना कंपनी. मी तर प्लगले वायफाय ऐकूनच हात जोडले होते.

बर्डीचा_मिस्त्री
@संत्राबर्फी त्या टायमरची चकती लाईट गेली की थांबते, दोन तास लाईट नसली की टाईम दोन तास मागं. मानेवाड्यात मे महिन्यात किती वेळा सेट करणार?

जुना_कॉम्पूटर
सगळ्यांनी एक गोष्ट पाहिलीच नाही बे. १० चं साडेतीन, ६ चं साडेअकरा, दोन्हीकडे बरोबर साडेपाच तासांचा फरक. म्हणजे तुमचा प्लग यूटीसीच्या वेळेवर (जगाची प्रमाण वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) चालून राहिला. टायमिंग प्लगच्या मेमरीत सेव्ह आहे, वेळ पण त्याला इंटरनेटवरून मिळत असेल, पण आपण भारतात आहो हे बहुतेक त्याला कंपनीचा सर्व्हर सांगायचा. लाईट होती तोवर ते लक्षात होतं, लाईट गेली, ते पुसलं, आणि आता विचारायला सर्व्हरच नाही. प्लग खराब नाही झाला, त्याचं घड्याळ दुसऱ्याच्या घरी होतं.
हे काही नवीन नाही. २०१६ मध्ये रिव्हॉल्व नावाचा हब (घरातली स्मार्ट उपकरणं जोडणारा डबा) असाच बंद पाडला होता, २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर एका दिवसात बंद झाले, लोकांना पत्ताच नाही.
आता उपाय. प्लग भिंतीतून काढा, उघडा, आतली चिप पाहा. ईएसपी८२६६ असेल तर कंपनीचं सॉफ्टवेअर काढून टास्मोटा नावाचं टाकता येते, बीके७२३१ असेल तर ओपनबेकन. दोन्ही फुकट आहे आणि टायमर घरातल्या घरात चालतो. बर्डीच्या मार्केटमध्ये यूएसबी टू टीटीएल (लॅपटॉपवरून चिपमध्ये सॉफ्टवेअर टाकायचा छोटा जोड) मिळते, ३.३ व्होल्टवर ठेवा, ५ वर चिप जाईल. आणि वायरी जोडलेल्या असताना प्लग बोर्डात खोसायचा नाही म्हणजे नाही, आतमध्ये सरळ २३० व्होल्ट येतात, लॅपटॉप तर जाईलच, माणूस पण जाईल.

धंतोलीवाली
तक्रार तरी टाका हो, १९१५ वर ग्राहक हेल्पलाईन आहे. कंपनीचा पत्ताच सापडला नाही तर जिथून घेतलं त्या दुकानदाराचं बिल काढा.

मानेवाडा_रिंगरोड
@जुना_कॉम्पूटर भाऊ पाय कुठे आहेत तुमचे, साडेपाच तास माझ्या डोक्यात आलेच नव्हते, घरात सगळे भूतबाधा म्हणून राहिले होते. बिल नाही सापडलं, आईनं रद्दीत दिलं असेल.
गिझरवाला उघडला आधी, उन्हाळ्यात तसाही पडूनच आहे. झाकण चिकटवलेलं होतं, चाकूनं काढताना कोपरा तुटला. बीके७२३१ निघाली. भाच्यानं शनिवारी बसून केलं, तीनदा फेल, चौथ्यांदा झालं. साडेपाचचा फरक भरला, तोच प्लग कूलरला लावला, मुद्दाम मेन स्विच पाडून पाहिला, राउटर उठला तशी वेळ बरोबर आली.
काल १० चा टायमर बरोबर वेळेवर लागला. बाबा पावणेदहालाच प्लगचं बटन दाबून, कूलर सुरू करून झोपले होते पण.

संत्राबर्फी
म्हणजे मीच बरोबर होतो न 😄

बर्डीचा_मिस्त्री
दुसरा प्लग बोअरच्या मोटरीला लावू नका फक्त, एक एचपीची मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, प्लगमधली रिले (आतला स्विच) चिकटून बसते, मग बंदच होत नाही. कॉन्टॅक्टर (मोटरीचा करंट झेलणारा मोठा स्विच) टाकून घ्या मधात.