मारुती ८००: मॅनिफोल्डचा एक स्टड तुटला, शेजारचा नट गोल झाला

किनारपट्टी_८००:
गाडी १९९७ ची, कार्ब्युरेटरवाली, कायम देवगडला समुद्राजवळ उभी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनाचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) गॅस्केट (सांध्यातली सीलची पट्टी) फुंकलंय म्हणून मॅनिफोल्ड उतरवायला घेतलं. स्टड (हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, पिळून बसवलेले बिनडोक्याचे बोल्ट) आठ एमएमचे, १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर), नट बारा नंबरचे. बाकीचे सुटले. एक स्टड नटासकट तुटून हातात आला, उरलेला तुकडा मॅनिफोल्डच्या भोकात आत कुठेतरी आहे. खालचा एक नट फिक्स पाना घसरून गोल झालाय, तो अजून जागेवरच.

गोल नट स्टड न तोडता कसा काढायचा? आणि तुटलेल्या स्टडसाठी हेड उतरवावंच लागेल का? ईझी-आउटचा (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात उलटा पिळत घालायचा कडक खिळा) सेट आहे, पण हात धजत नाही.

बारा_नंबर:
हात धजत नाही ते बरंच आहे. सेट डब्यातच राहू द्या.

नट आधी, कारण तो निघाल्याशिवाय मॅनिफोल्ड बाहेर येत नाही आणि तुटलेला तुकडा किती उरलाय ते कळत नाही. नटाच्या बाहेर स्टडचे जे आटे दिसतात ते तारेच्या ब्रशने आधी चकचकीत करा. हे कुणी करत नाही आणि तिथेच गणित चुकतं: नट सुटतो, दोन फेरे येतो, मग बाहेरच्या गंजलेल्या आट्यांवर जाम होतो आणि स्टड पिळून तुटतो.

मग रस्ट स्प्रे, सकाळ-संध्याकाळ, दोन दिवस. प्रत्येक वेळी नटाच्या तोंडावर अर्ध्या किलोच्या हातोडीने वीस-पंचवीस हलके टोले. टोल्यांनी गंजाला केसाएवढ्या भेगा पडतात, तेल त्यातूनच आत उतरतं. नुसतं फवारून ठेवलं तर ते वरच्या वर राहतं.

आता पकड. बारा नंबरचा नट गंजून, घसरून साधारण साडेअकराचा राहिलेला असतो. त्यावर ७/१६ इंचाची सहा कोनी गोटी (सॉकेट) ठोकून बसवा. ती ११.१ एमएमची असते, म्हणजे नटात रुतून बसते. बारा कोनी गोटी इथे वापरायचीच नाही, ती कोपऱ्यांवर धरते आणि उरलेले कोपरेही खाते. आत वळसेदार धारा असलेल्या एक्स्ट्रॅक्टर गोट्या मिळत असतील तर उत्तमच. गोटी बसायला जागाच नसेल तर छोट्या कटिंग व्हीलने नटाच्या एका चपट्या बाजूला, स्टडला समांतर चीर पाडा. आटे लागायच्या जरा अलीकडे थांबा. चिरेत छन्नी ठेवून एक टोला, नट उमलतो. स्टडला ओरखडाही येत नाही.

डिझेल_पुराण:
स्प्रे नसेल तर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे. दोन्ही एकत्र टिकत नाहीत, दर वेळी बाटली हलवून ड्रॉपरने दोन थेंब सोडायचे. गरम इंजिनवर अजिबात नाही, ॲसिटोन भडकतं. रंगावर सांडलं तर रंगही गेला. साधं डब्ल्यूडी-४० चालतं, फक्त जास्त वेळ घेतं. ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनलंय, नावातला डब्ल्यूडी त्याचाच. गॅरेजवाले रॉकेल लावतात. काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच.

आटेवाला:
हेड उतरवायची घाई नको. पण स्टड का धरतो ते कळलं तर पुढची अर्धी चूक टळते. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादाचा, वर खारी हवा. दोन धातू, मध्ये खारं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत ठासून बसते. ती तेलाला फारशी दाद देत नाही. तिला उष्णताच लागते.

ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोन्ही मिळून शंभर अंश तापले तर आठ एमएमच्या भोकाला स्टडपेक्षा नऊएक मायक्रॉन जास्त मोकळीक मिळते. आकडा हास्यास्पद वाटतो, पण आट्यांमध्ये तेवढीच लागते. म्हणून ज्योत स्टडवर नाही, त्याच्या भोवतीच्या हेडवर फिरवायची. पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन लगेच उडेल इतपत. जास्त नको. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. शुद्ध असेल तर ६६० अंशांना वितळतं, हेडचं मिश्रण त्याच्या बरंच आधी, आणि वितळतं तेव्हा एकदम ढासळतं. गरम असतानाच सांध्यावर मेणबत्ती टेकवा, मेण पातळ होऊन आट्यांत ओढलं जातं.

नटाचं उलट. तिथे ज्योत थेट नटावर, तो लाल झाला तरी चालतो, कारण नटालाच मोठं करायचंय.

फिरवताना हाताकडे लक्ष द्या, राव. कर्र आवाज करत फिरतोय म्हणजे सुटतोय. पाना हलतोय पण रबर पिळल्यासारखं वाटतंय आणि सोडलं की मागे येतोय, म्हणजे आटे जागचे हललेलेच नाहीत, स्टडच पिळला जातोय. तिथे थांबा, थोडा घट्ट करा, परत सोडा. पाव फेरा बाहेर, अष्टमांश आत. पान्याला पाइप लावून जोर काढला की तुटणारच.

आणि ज्या जागेवर ज्योत लावणार तिथे ब्रेक क्लीनर मारलेला नसावा. क्लोरीनवाला असेल तर तापल्यावर त्यातून फॉस्जीन निघतो, विषारी वायू आहे. पेट्रोलचा पाइप सोडून तोंड बंद करा, कार्ब्युरेटरवर पत्रा आणि ओलं फडकं टाका, अग्निशामक हाताशी ठेवा.

किनारपट्टी_८००:
चिरेची युक्ती लागू पडली, नट निघाला, स्टड शाबूत. मॅनिफोल्ड बाहेर आहे. तुटलेला स्टड हेडच्या पृष्ठभागापेक्षा जेमतेम दोन एमएम बाहेर आहे, व्हाइस ग्रिप (लॉक होणारी पक्कड) धरत नाही. गावात वेल्डिंगवाला आहे, पण त्याच्याकडे साधं आर्क मशीनच. चालेल?

आटेवाला:
चालेल. मिग (तार आपोआप सोडणारं वेल्डिंग मशीन) सोपं जातं, पण हात स्थिर असेल तर २.५ एमएमचा ६०१३ रॉड, ८० अँपिअरच्या आसपास. आधी स्टडभोवती आठ एमएमचा वायसर ठेवून तो स्टडला वेल्ड करा. त्याने हेडही झाकलं जातं. मग त्यावर दहा एमएमचा नट ठेवून आतून भरा. आठचा नट घेतला तर रॉड तळापर्यंत पोचत नाही, वेल्ड नटाच्या भिंतीला चिकटतो आणि स्टड कोराच राहतो. नट-वायसर काळे घ्या, झिंकचा मुलामा असेल तर घासून काढा. त्याचा धूर छातीत जातो आणि वेल्डही सच्छिद्र होतो. पोलादाचा वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, ती काळजी नको.

बॅटरीची दोन्ही टोकं काढा, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातील. अर्थिंग हेडला, स्टडच्या जवळ, बॉडीला नाही.

वेल्ड झाल्या झाल्या पाना लावू नका. लाली जाऊन काळा पडेपर्यंत थांबा, सांध्याला मेण द्या आणि मग आत-बाहेर. पहिल्यांदा नट तुटून आला तर निराश होऊ नका, तीन-चार वेळा लावावा लागतो. प्रत्येक वेल्डने स्टड आतून तापतो आणि ती भुकटी थोडी अजून सुटते.

लेथ_आणि_टॅप:
वेल्डने नाहीच आला तर ड्रिल. पण मोकळ्या हाताने नाही. ड्रिल पोलादावरून सरकून मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं आणि भोक तिरकं जातं.

कानशीने तुकडा सपाट करा. मॅनिफोल्ड परत दोन नटांवर लावा. त्याच्या भोकात सैल न होता बसेल अशी पोलादी बुश लेथवर करून घ्या, बरोबर मध्ये ३ एमएमचं भोक. तोच तुमचा जिग, म्हणजे ड्रिलला सरळ धरणारा साचा. उलट्या पिळाचं ३ एमएमचं ड्रिल, मशीन उलटं, वेग कमी, तेल भरपूर. मग ५. उलटं ड्रिल बऱ्याचदा तुकड्यालाच पकडून बाहेर घेऊन येतं. नाही आला तर ६.८ पर्यंत न्या. आठच्या टॅपसाठी (आटे पाडायचं हत्यार) भोकाचं माप तेच, म्हणजे भोक मधोमध असेल तर आट्यांत फक्त तारेसारखी गुंडाळी उरते, ती टोच्याने ओढून काढायची आणि टॅप फिरवून आटे साफ करायचे.

ईझी-आउटचं दुखणं असं: जो स्टड आठ एमएम जाडीचा असताना सुटला नाही, तो आत भोक पाडून चार एमएमच्या खिळ्याने सुटेल ही अपेक्षाच चुकीची. वर तो पाचरीसारखा आतून फुगवतो, पकड आणखी घट्ट. ईझी-आउटच आत तुटला तर तो कडक पोलादाचा, साधं ड्रिल त्यावर नुसतं चकाकतं. मग मात्र हेड उतरवून स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी कडक धातू झिजवून काढणारा).

आटे गेलेच तर हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी). भोक ८.३, टॅप किटमधलाच, कॉइल पृष्ठभागापासून पाव ते अर्धा फेरा आत, शेवटी शेपटी तोडून बाहेर काढा.

किनारपट्टी_८००:
तिसऱ्या नटाला आला. आटे ठीक दिसतायत, टॅप हाताने सरळ गेला. बाकीचे जुने स्टड ठेवू का?

बारा_नंबर:
सगळे बदला, आता ते सुटे होण्याच्या स्थितीत आहेत. दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटाला पाना लावला की स्टड निघतो. नट तांब्याचा मुलामा असलेले मिळाले तर घ्या. आट्यांना अँटी-सीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायचं मलम) अगदी पातळ, आणि ते लावलं असेल तर टॉर्क (आवळायचा जोर) थोडा कमी: मॅन्युअलमध्ये कोरड्या आट्यांसाठी जो दिलाय त्यापेक्षा वीसेक टक्के खाली. मधल्या नटापासून बाहेर, दोन टप्प्यांत.

गॅस्केट लावायच्या आधी मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. तोंड वाकलं असेल तर नवीन गॅस्केटही त्याच जागी फुंकेल, आणि बहुतेक तुमचा स्टडही त्याच ताणाने तुटला. वाकलेलं निघालं तर लेथवाल्याकडून तोंड मारून घ्या, हाताने कानस घालत बसू नका.