मदत हवी आहे : बोअरच्या पाण्यात स्लॅब घालावा का?

मंडळी नमस्कार. इंदूरला राऊच्या बाजूला आमच्या घराचं काम चालू आहे. पुढच्या आठवड्यात पहिला स्लॅब आहे आणि माझा जीव पाण्यात अडकलाय.

प्लॉटवरच्या बोअरचं पाणी ड्रममध्ये दोन दिवस राहिलं की काठाला पांढरा थर धरतो, नखाने खरवडला तर भुकटी निघते. लॅबमध्ये तपासून घेतलं: पीएच 7.4, सल्फेट मर्यादेत, पण क्लोराइड लिटरला 640 मिलिग्रॅम. आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे सळईच्या काँक्रीटला 500 पर्यंत चालतं, बिनसळईच्या काँक्रीटला 2000.

ठेकेदारदादा म्हणतात, "ताई, याच पाण्यात शेजारची तीन घरं उभी आहेत." पण क्लोराइड लगेच दिसत नाही ना! सळई आतून गंजते, फुगते आणि काही वर्षांनी स्लॅबचे पोपडे पडतात. आईबाबांच्या जुन्या घरात हे पाहिलंय, म्हणून धास्ती.

मी हिशेब केला: घनमीटर काँक्रीटला 180 लिटर पाणी धरलं तर पाण्यातून साधारण 115 ग्रॅम क्लोराइड येतं. काँक्रीटमधली एकूण मर्यादा 600 ग्रॅम. पण रेती, खडी, अ‍ॅडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये घालायचं रसायन) यांतून येणारं वेगळं.

तर सांगा, स्लॅबपुरतं नर्मदेचं पाणी टँकरने आणू की दोन्ही मिसळून पुन्हा तपासू? आणि तराईला (घातलेला स्लॅब ओला ठेवायला) बोअरचं चालेल का? तिथेही सळई आहेच. साइटवर काम केलेल्या कुणी अनुभव सांगितला तर फार उपकार होतील.