बुक ऑफ केल्समधला पिवळा रंग सोन्याचा आहे का?

केतकी: नमस्कार मंडळी. नोकरीसाठी डब्लिनला येऊन सहा महिने झाले. रविवारी ट्रिनिटी कॉलेजात बुक ऑफ केल्स पाहिलं. इसवी सन ८०० च्या सुमाराचं, लॅटिनमधली चार शुभवर्तमानं, वासराच्या कातड्यावर लिहिलेली. काचेपाशी उभी राहिले ती पंधरा मिनिटं हललेच नाही. अक्षराच्या पोटात वेल, वेलीत पक्षी, पक्ष्यांच्या माना एकमेकींत गुंतलेल्या. त्यातला पिवळा असा झळाळतो की मला सोनंच वाटलं. सोनंच आहे का ते?

परदेशी पाखरू: नाही. सोनं होतं ते वरच्या वेष्टनावर. १००७ साली चोरांनी ग्रंथ पळवला, सोनं ओरबाडून घेतलं. दोनेक महिन्यांनी ग्रंथ गवताच्या ढेकळाखाली सापडला.

पोथीवाले काका, वाई: केतकीताई, तो हरताळ आहे. आर्सेनिक आणि गंधकाचं पिवळं खनिज. माझे आजोबा पोथ्या उतरवून काढत. अक्षर चुकलं की त्यावर हरताळ लावायचा, वाळला की वरून नीट लिहायचं. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. आमच्या विष्णुसहस्रनामाच्या पोथीत असा एक डाग आहे. पान उन्हाकडे धरलं की खालचं चुकलेलं अक्षर अजून दिसतं. मला ते अक्षर फार जवळचं वाटतं, आजोबांचा हात तिथे क्षणभर थांबला होता.

केल्समधला तांबडाही ओळखीचाच, शिशाचा शेंदूर. त्याला लॅटिनमध्ये मिनियम म्हणतात, ‘मिनिएचर’ हा शब्द त्यावरून पडला.

एक कळकळीचं सांगणं. हरताळ विषारी असतो. जुनी पोथी थुंकी लावून उलटू नका, हाताळल्यावर हात धुवा.

केतकी: काका, काय सांगू! खी-र्‍होच्या पानाची छापील प्रत घेऊन आले होते, ती पुन्हा काढून बसले. ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक अक्षरं अख्खं पान भरून आहेत, आणि पार खाली दोन मांजरं, समोर उंदीर प्रसादाची गोल चकती कुरतडतायत. एवढ्या पवित्र पानावर उंदरांनाही जागा दिली त्या लिहिणाऱ्याने.

मग आईला व्हिडिओ कॉल लावून लाल फडक्यातली आमची पोथी सोडायला सांगितली. तीन पानांवर पिवळे डाग निघाले. इतकी वर्षं आम्ही ते हळदीचे समजत होतो.