मदत हवी आहे: आईच्या डोळ्याच्या पडद्यावर आणि किडनीवर शुगरचा परिणाम दिसतोय, पण तिला त्रास काहीच नाही, कसं समजावू?

नमस्कार मंडळी, जरा घाबरलेय म्हणून लांबण लागेल. आईला टाइप 2 डायबिटीस होऊन 12 वर्षं झाली. गेल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून पडदा तपासला तर बारीक रक्तवाहिन्यांना फुगवटे आलेत म्हणाले, आणि लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) 85 आलं, 30 च्या आत हवं म्हणे. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) मात्र नॉर्मल. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, 9.4. आई म्हणते मी अजून सुई ओवते, पाय सुजत नाहीत, मग कसला आजार, आणि गोळ्या मधेच बंद करते. डॉक्टर म्हणाले दोन्हीचं मूळ एकच, पण बाहेर गर्दी होती, पुढचं विचारायचं राहूनच गेलं. डोळ्याचा आणि किडनीचा काय संबंध? आणि शुगर आटोक्यात आली तर झालेलं भरून निघतं का?

प्रतिसाद 1:
ताई, तपासून घेतलंत हे फार चांगलं केलंत. संबंध केशवाहिन्यांचा, म्हणजे सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांचा आहे. त्या इतक्या अरुंद की 7-8 मायक्रॉनची तांबडी पेशीसुद्धा अंग चोरून जाते, आणि भिंत म्हणजे पेशींचा एकच थर. रक्तात साखर वाढली तरी या पेशींना ती आत येताना अडवता येत नाही, म्हणून मार पहिला त्यांनाच बसतो. वर्षानुवर्षं असं चाललं की भिंतीचं अस्तर जाड होतं, पडद्यात वाहिनीला बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात आणि तिथे फुगवटा येतो, मग गळती. पडद्याच्या मध्यभागी सूज येत नाही तोवर नजर छान राहते, त्यामुळे सुई ओवता येते यावर जाऊ नका. किडनीची गाळणी पण केशवाहिन्यांचे गुच्छच, तिथून आधी अल्ब्युमिन निसटतं, क्रिएटिनिन वाढतं ते बऱ्याच उशिरा. पायाच्या नसांनाही असल्याच बारीक वाहिन्या रक्त पुरवतात, तेव्हा तळव्यांची संवेदनाही तपासून घ्या.

शुगर सुधारल्याचा फायदा नक्की होतो. यूकेपीडीएस या 1998 च्या मोठ्या अभ्यासात एचबीएवनसी सरासरी 7.9 ऐवजी 7 राहिलेल्या गटात बारीक वाहिन्यांचे त्रास 25 टक्के कमी होते. मात्र एकदम झपाट्याने खाली आणली तर काहींचा पडदा सुरुवातीला जास्त बिघडतो, तेव्हा डॉक्टर सांगतील त्याच वेगाने, आणि पडदा परत कधी दाखवायचा तेही विचारा. बीपीकडेही तितकंच लक्ष हवं. लघवीची टेस्ट पुन्हा करावी लागेल, ताप असला किंवा खूप व्यायाम झाला असला तरी आकडा वाढतो.

धागाकर्ती:
खूप आभार, क्रिएटिनिन नॉर्मल म्हणून मी निर्धास्तच झाले होते. पडद्याचा फोटो मागून आईला दाखवू का, की घाबरेल?

प्रतिसाद 1:
दाखवा. फुगवटे लाल ठिपक्यांसारखे दिसतात, डॉक्टरांनाच त्यावर बोट ठेवून सांगायला लावा, घरच्यांपेक्षा त्यांचं ऐकतील. आणि गोळ्या का सोडतात ते आधी शांतपणे विचारा, पोटाला त्रास होत असेल तर औषध बदलून मिळतं.