शाळा सुटल्यापासून साडेसातपर्यंत: नागपुरात मुलांची सोय कशी लावावी?

मनीषनगर_दोघं

नमस्कार मंडळी. घर मनीष नगरला, शाळा खामल्याच्या बाजूला. मुलगी पाचवीत, मुलगा दुसरीत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा २०२४ मध्ये निर्णय आला, तेव्हापासून दोघांच्या वेळा वेगळ्या. मुलगी पावणेएकला सुटते, मुलगा अडीचला. एकाची नोकरी मिहानमध्ये, दुसऱ्याची बुटीबोरीला. साडेसातच्या आत कोणीच घरी नसतं, आजी-आजोबाही गावी असतात.

विचारायचं असं: पाळणाघर शाळेजवळचं घ्यावं की घराजवळचं? फी ठरवताना नेमकं काय विचारावं? तिसरा प्रश्न आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंसाठी आहे. त्यांचे पती वारले, मुलगा मनपा शाळेत तिसरीत आहे आणि दुपारभर वस्तीतच फिरतो. त्यांना परवडेल असं काही आहे का?

दुपारचा_डबा

फी नंतर. आधी वर्षभराचे तास मांडा. नागपुरात शाळेचं एक वेळापत्रक वर्षभर टिकत नाही. मार्च-एप्रिलात ऊन तापलं की शाळा सकाळी भरते आणि मुलं अकरा-साडेअकरालाच मोकळी होतात. पाळणाघराशी बोलणी साडेबारापासूनची झाली असतील तर मधला तास कोणाचा? सुट्टीचंही तसंच. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात महिनाअखेर होते. त्या दिवसांत मूल सकाळपासून ठेवावं लागेल. त्याचा दर आणि दुपारचं जेवण आजच लिहून घ्या, एप्रिलमध्ये विचाराल तर जागाच भरलेली असते. सुटे दिवस वेगळे. तान्ह्या पोळ्याला शाळा बंद, मिहानची कंपनी चालू. जुलैत पावसाची सुट्टी आदल्या संध्याकाळी जाहीर होते. अशा दिवशी सकाळी साडेआठला दार उघडेल का, एवढंच विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला की समजा नाही.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते घेतो. एक जागा महिन्याला ४,००० सांगते, साडेसातपर्यंत उघडी असते. दुसरी ३,२०० सांगते, पण साडेसहाला बंद होते आणि पुढच्या दर अर्ध्या तासाला १०० रुपये घेते. तुम्हाला रोज एक तास जास्त लागणार: २२ दिवसांचे ४,४००. स्वस्त जागा ७,६०० ला पडली. शिवाय रोज 'ताई, उशीर झाला' ऐकावं लागतं ते वेगळंच.

दुसऱ्या भावंडाला सवलत, आजारपणात आठवडाभर न आल्यास काय, अनामत परत कधी, सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं, हे चार मुद्दे पावतीच्या मागे लिहून सही घ्या. छापील नियमावली नसली तरी चालतं, सही हवी.

ऑटोस्टँड_छत्रपती

जागेबद्दल माझं मत सरळ आहे: धाकटा चौथीत जाईपर्यंत शाळेजवळचं. मुलं हरवण्याचा, उन्हात उभी राहण्याचा धोका असतो तो शाळेच्या फाटकापासून पाळणाघराच्या दारापर्यंतच्या रस्त्यावर. घराजवळचं घेतलं तर दोघांसाठी दोन फेऱ्या होतात आणि दोन्ही व्हॅनवर अवलंबून. शाळेजवळच्या ठिकाणाहून मावशी चालत येऊन मोठीला नेते, अडीचला पुन्हा येऊन धाकट्याला.

व्हॅन लावायचीच असेल तर व्हॅनवाल्याशी तोंडी ठरवू नका. उतरण्याची जागा बदलल्याचं पत्र शाळेला द्या, त्यावर पाळणाघराचा पत्ता, घ्यायला येणाऱ्या दोघांची नावं आणि फोटो. महाराष्ट्रात स्कूल बसचे नियम २०११ पासून आहेत आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. तक्रार तिथे करायची, चालकाशी भांडून काही होत नाही.

डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन असलं की मोर्च्यांमुळे सीताबर्डी, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते वळवतात. त्या भागातून फिरून येणाऱ्या व्हॅनला तेव्हा हमखास उशीर होतो. व्हॅन कोणत्या रस्त्याने येते ते विचारून ठेवा.

दुपारचा_डबा

ऑटोस्टँड भाऊ, शाळेजवळचं शाळेच्या दिवसांत बरोबर. पण मे महिन्यात सकाळी आठला खामल्याला सोडायचं आणि संध्याकाळी तिथूनच आणायचं, बुटीबोरीच्या माणसाला ते उलटं पडतं. माझ्या मते शाळेजवळचं घ्यावं, पण ठराव जून ते एप्रिल असा करावा आणि सुट्टीपुरती घराजवळ वेगळी जागा मार्चच्या सुरुवातीलाच बोलून ठेवावी.

कूलरची_टाकी

पाहायला जाल तर प्रवेशाच्या वेळी सकाळी जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी साडेतीन ते साडेचार या वेळेत न सांगता जा. तेव्हा लहान झोपेतून उठतात, मोठे कंटाळलेले असतात आणि एखादी ताई चहाला गेलेली असते. खरी संख्या तेव्हाच दिसते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना एका ताईमागे बारापर्यंत ठीक. त्याच ताईकडे रांगतं बाळही असेल तर ती मोठ्यांकडे पाहूच शकत नाही.

आपल्या गावात आणखी एक गोष्ट बघायची ती म्हणजे कूलर. पत्र्याचा डेझर्ट कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पोरं असली की शॉक लागतोच. पंपाच्या वायरचं आवरण जुनं होऊन फुटतं, करंट पत्र्यात उतरतो, आणि अर्थिंग नसेल तर हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जातो. साधा एमसीबी अशा वेळी पडत नाही, कारण तो जास्त भाराला आणि शॉर्ट सर्किटला पडतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीत गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच, लागतो. बोर्डावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण दिसलं की दाबून दाखवा म्हणायचं. लगेच वीज गेली पाहिजे. कूलर फायबर बॉडीचा किंवा खिडकीबाहेर जाळीआड असावा, पाणी भरताना प्लग काढलेला असावा. आणि टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करावी, नाहीतर पावसाळ्यात डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

बाकी थोडक्यात: संडासाची कडी बाहेरूनही उघडता यावी. कर्मचाऱ्यांची, घरातल्या पुरुषांसकट, पोलीस चारित्र्य पडताळणी झालेली असावी. मुलाला न्यायला यादीबाहेरचं कोणी आलं तर फोन केल्याशिवाय सोडायचं नाही, आणि नेणाऱ्याची वेळ व सही रजिस्टरमध्ये. सीसीटीव्ही आहे म्हणून हे सोडू नका. रेकॉर्डिंग नंतर पाहायला कामी येतं, त्या क्षणी मूल त्यामुळे वाचत नाही. आणि लैंगिक छळाची शंका आली तर कळवणं हे पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, 'आपसात मिटवू' म्हणणाऱ्या जागेतून मूल त्याच दिवशी काढा. मुलांसाठीची मदत १०९८ वर.

मनीषनगर_दोघं

खूपच कामाचं. कूलरचा मुद्दा डोक्यातच नव्हता. एक सांगा, मोठीसाठी पाळणाघराऐवजी ट्युशन, अबॅकस, स्केटिंग असे क्लास जोडून दुपार भरता येईल का? ती म्हणते, पाळणाघर लहान बाळांचं.

ऑटोस्टँड_छत्रपती

क्लासमुळे वेळ भरतो, सांभाळ होत नाही. एक तासाचा क्लास म्हणजे दोन वेळा ने-आण. तीन क्लास लावले तर सहा, आणि मधले अर्धे-अर्धे तास ती कुठे बसणार? क्लासवाला 'सर आज नाहीत' असा मेसेज चारला टाकतो, तेव्हा तुम्ही बुटीबोरीला. पाळणाघर एक धरा आणि तिथून चालत जाता येईल असा एकच क्लास. आणि तिला तिथे स्वतःचा कोपरा, टेबल-दिवा आणि पुस्तकं ठेवायला खण मिळतो का विचारा. दहा वर्षांच्या मुलांना बाळांच्या गादीवर बसवलं की दोन महिन्यांत ती जायला नकार देतात.

पैशांचंही पाहा. मोठ्या कोचिंगच्या फीवर १८ टक्के जीएसटी असतो. सांगितलेली फी त्यासकट की त्याशिवाय, ते विचारा. जुन्या कररचनेत शाळेच्या फीवर जी वजावट मिळते ती पूर्णवेळ शिक्षणापुरती. पाळणाघर आणि ट्युशन त्यात बसत नाही. शाळेच्या शिक्षकांकडे ट्युशन लावायच्या भानगडीत पडू नका, शिक्षण हक्क कायद्याने त्यांना खासगी शिकवणीला मनाई आहे.

वस्ती_ते_शाळा

तुमच्या ताईंबद्दल. सरकारी सोय नेमकी सहाव्या वर्षाला संपते, अडचण तिथे आहे. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत. केंद्राची 'पालना' पाळणाघरं सहा महिने ते सहा वर्षं. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीने पाळणाघर द्यायचं, तेही लहानांसाठीच. तिसरीतल्या मुलाला यातलं काही लागू नाही. शाळेत पोषण आहार दुपारी मिळतो, संध्याकाळचं काही नाही.

पण पती वारले आहेत, म्हणून बालसंगोपन योजनेचा अर्ज करा. पैसे मुलाच्या नावे महिन्याला २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व ४,००० चं आहे, त्याला शहरी भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ९६,००० आहे. दोन्हींपैकी कशात बसतं ते जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयातल्या बाल संरक्षण कक्षात पाहतात. कागद: पतीचा मृत्यू दाखला, दोघांचे आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, फोटो. नंतर गृहचौकशी होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते. समितीसमोर मुलाला न्यावं लागतं, त्या दिवशी ताईंना कामावरून पगारी सुट्टी द्या. अर्ज बहुतेक अडकतो तो नावाच्या स्पेलिंगवर. आधार, बोनाफाईड आणि पासबुकावर मुलाचं नाव अक्षरन् अक्षर एकच आहे का, हे आधी तपासा. रक्कम नियमित सुरू व्हायला वेळ लागतो, तिच्या भरवशावर पाळणाघर लगेच लावू नका.

तोवर दुपारचं काय? मनपा शाळेतच वर्गखोली मिळवायचा प्रयत्न करा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. समितीच्या बैठकीत 'शाळा सुटल्यावर पाचपर्यंत एक खोली, अभ्यास आणि खेळ' असा ठराव घ्यायचा. तो मुख्याध्यापकांमार्फत मनपाच्या शिक्षण विभागाकडे पाठवायचा. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहा: खोली कोण उघडणार-बंद करणार, किल्ली कोणाकडे, विजेचं बिल आणि सफाई कोणाची, मुलं किती. बहुतेक अर्ज किल्लीच्या प्रश्नावर परत येतात, कारण शिपायाची वेळ संपलेली असते. वस्तीतलं समाजभवन हा दुसरा मार्ग, त्याची चौकशी मनपाच्या झोन कार्यालयात.

वीस मुलांना दोन तायांचं मानधन, मूठभर चणे-गूळ किंवा पोहे आणि वह्या एवढा खर्च असतो. तायांना समजा प्रत्येकी ५,०००, खाऊला रोज मुलामागे ८ रुपये धरले तर २२ दिवसांचे ३,५२०. वह्या-साबण धरून महिना १४,००० च्या आत बसतं. मनीष नगरातल्या सोसायटीत जिथे दहा-बारा घरी कामाला ताया येतात, तिथे हा आकडा घरटी वाटून घेता येतो. पण पैसे रोख ताईंच्या हाती वाटू नका. बचत गटाच्या खात्यात टाका आणि महिन्याचा हिशेब सोसायटीच्या फळ्यावर लावा.

मनीषनगर_दोघं

धन्यवाद. ताईंकडे मुलाचं बोनाफाईड आहे, पण त्यावर वडिलांचं आडनाव वेगळं लिहिलंय. आता काय?

वस्ती_ते_शाळा

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते आधी बघा. रजिस्टरमध्ये बरोबर असेल तर मुख्याध्यापक दुसरं बोनाफाईड लगेच देतात. रजिस्टरमध्येच चूक असेल तर जन्मदाखला आणि पतीचा मृत्यू दाखला जोडून मुख्याध्यापकांकडे दुरुस्तीचा अर्ज द्या, तो शिक्षण विभागाच्या मंजुरीला जातो. अर्जाची पोच घ्या आणि तिची झेरॉक्स लावून बालसंगोपनचा अर्ज देता येतो का, ते बाल संरक्षण कक्षात विचारा.